तबला, पगार आणि उजवं मनगट

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका २९ वर्षांच्या, मूळच्या नाशिकच्या, पुण्यात दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहतात. लहानपणापासून तबला शिकल्या, विशारद ही संगीताची परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि गेली सात वर्षं एका ज्येष्ठ गुरुजींकडे तालीम घेत आहेत. एका विमा कंपनीत साडेचार वर्षं नोकरी आहे. हातात महिना ४२,००० येतात, खर्च २८,००० च्या आसपास, शिल्लक साडेतीन लाख. गेल्या वर्षभरात तबल्यावर २,६०,००० मिळाले. आठवड्यातले तीन दिवस घरून काम असायचं, ते बंद झालं. आता पाचही दिवस ऑफिस, त्यामुळे सकाळचा रियाज बुडतो. गुरुजी म्हणतात, ‘दोन डगरींवर हात ठेवून तबला येत नाही, काय ते एकदा ठरव.’ एसटीतून निवृत्त झालेले वडील म्हणतात, ‘छंद म्हणून वाजव ना, कोण नको म्हणतंय? पण पगार सोडू नकोस.’ त्या लिहितात : ‘मला खरं तर एकल वादन करायचंय. साथ आणि शिकवण्या पोटासाठी आहेत. नोकरी सोडून शेवटी शिकवण्याच घेत बसले तर हरल्यासारखं होईल. चार ठिकाणांहून पैसे येतात, म्हणजे तसं सुरक्षित आहे ना? कधी वाटतं, कर्ज काढून स्वतःचा क्लास थाटावा. दोन महिने उजवं मनगट दुखतंय, पण ते सध्या बाजूला ठेवते.’

*

जे तुम्ही बाजूला ठेवलंत तेच मी आधी उचलते.

दिवसभर ऑफिसात माउस उजव्या हातात. संध्याकाळी कथकच्या क्लासात साथ करताना दोन तास तबल्याच्या चाटीवर (कडेवर) आणि मैदानावर (कड आणि शाईमधल्या भागावर) तोच हात. पगार आणि तबला हे तुम्हाला दोन वेगळे आधार वाटतात, वडिलांनाही तसंच वाटतं, पण दोन्हींचा भार एकाच मनगटावर आहे. ते सुजलं तर टायपिंगही थांबेल आणि तिरकिटही. म्हणून या आठवड्यात दोन कामं करा. माउस डाव्या हाताला घ्या. चार दिवस चिडचिड होईल, मग सवय होते. दुसरं, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी फिजिओथेरपी सांगितली तर जाताना तबला घेऊन जा. ‘मी तबला वाजवते’ एवढं सांगून भागत नाही. तुम्ही कशा बसता, खांदा किती उचलता, डग्ग्यावर घासताना डावं मनगट किती दाबता, हे समोर पाहिल्याशिवाय त्यांना काय कळणार? आपल्याकडे कलाकार दुखणं अंगावर काढतात आणि वर त्याचं कौतुकही होतं. तुम्ही त्या कौतुकाच्या वाटेला जाऊ नका.

आता हिशोब. त्या २,६०,००० ची फोड तुम्ही व्यवस्थित दिली आहे : मंचावरच्या साथीचे १,४०,०००, त्यातले ९०,००० एकाच गायकाच्या अभंग-नाट्यगीतांच्या कार्यक्रमांचे. दोन कथक क्लासचे मिळून ७०,०००. घरी येणाऱ्या सहा मुलांच्या शिकवणीचे ५०,०००. ते गायक, बाकीचे मंच, कथक आणि शिकवणी, यालाच तुम्ही चार ठिकाणं म्हणता. मी एका कागदावर प्रत्येक रकमेपुढे एक प्रश्न लिहून पाहिला : हे पैसे कशामुळे बंद पडतील?

मंचावरचं आधी घेऊ. आयोजक कितीही असले तरी तुमच्या तारखा दिवाळी पहाटेपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतच्या आहेत, वर गणपतीतल्या पाचसहा. पितृपक्षात शुकशुकाट. जूनमध्ये काहीच नाही, आषाढीला थोडं काही. गुरुपौर्णिमेला वाजवायला सगळे बोलावतात, पैसे कुणी देत नाही. २०२० च्या मार्चमध्ये काय झालं ते तुम्ही पाहिलंच असेल. ज्यांच्या डायऱ्या भरगच्च होत्या त्यांचे सगळे कार्यक्रम एका आठवड्यात रद्द झाले. दहा आयोजक असणं तेव्हा कुणाच्या उपयोगी पडलं नाही, कारण दहाही जणांचे हॉल एकाच हुकुमाने बंद झाले. शिवाय तुमच्या बाबतीत या रकमेचे जवळजवळ दोन तृतीयांश एका माणसाच्या गळ्यावर अवलंबून आहेत. त्यांनी मुंबईला बिऱ्हाड हलवलं, आवाज बसला किंवा भाचा तबला शिकून तयार झाला, की ९०,००० गेले. यात कुणाचा दुष्टपणा नसतो, असंच होत असतं.

शिकवणीतली सहाही मुलं आठवी ते दहावीतली आहेत. का, हे तुम्हाला माहीत आहे : शास्त्रीय कलेच्या परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात. गुणांसाठी आलेलं मूल वाईट असतं असं मी म्हणत नाही. त्यातलंच एखादं तालात अडकतं आणि आयुष्यभर वाजवतं. पण बहुतेकांच्या तबल्यावर दहावीच्या मार्चमध्ये जे कापड पडतं ते पुन्हा निघत नाही. आणि उद्या शासनाने तो नियम बदलला तर सहाही पालक एकाच महिन्यात फोन करतील.

कथकचे ७०,००० तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकले आहेत, आणि मला तेच सगळ्यांत भक्कम वाटतात. कथक नर्तिका रोहिणीताई भाट्यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती ही संस्था सुरू केली, तेव्हापासून पुण्यात कथक नीट रुजलं आहे. हे क्लास जूनला सुरू होतात ते पार एप्रिलपर्यंत चालतात, सुगीचा हंगाम असा नसतो. यालाही धोका आहे, तो ॲपचा. इलेक्ट्रॉनिक तबला आला, मग मोबाइलवर ठेका आणि लेहरा (तालाबरोबर फिरत राहणारी धून) आला, आणि गाण्याच्या क्लासात रोजच्या सरावाला माणूस बोलावणं जवळजवळ संपलं. लहान मुलींच्या ततकाराला (पायांच्या सरावाला) ॲप पुरतं. पण मुलगी तिहाई (तीनदा घेतलेला तुकडा) घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना अर्धी मात्रा घसरली, तर तिला सावरून घेणारा माणूस परीक्षेला आणि मंचावर लागतोच. म्हणून कथक क्लासमधलं काम वाढवायचं असेल तर बालवर्गाचे तास मागू नका. विशारद-अलंकार या वरच्या परीक्षांच्या मुली, मंचप्रवेश आणि नव्या रचना बसवण्याच्या तालमी मागा. तिथे तुमची जागा मशीन घेत नाही.

हा कागद फक्त तबलजींचा नाही. चित्रकार, अनुवादक, लग्नाचे फोटो काढणारे, सगळ्यांनी एकदा मांडून पाहावा. ‘माझे बारा ग्राहक आहेत’ म्हणणाऱ्याच्या लक्षात येतं की बाराही जण एकाच बिल्डरच्या ओळखीतून आलेले आहेत.

आकडे पाहिले तर तुमची भीती थोडी चुकीच्या जागी आहे. वर्षाचा खर्च ३,३६,०००. नोकरी आज सोडली आणि तबल्याचं उत्पन्न तेवढंच राहिलं तर वर्षाला ७६,००० कमी पडतील. साडेतीन लाखांत चार वर्षांहून जास्त निघतील. वडिलांना वाटतं तेवढं हे भयंकर नाही. पण ते एक गायक गेले, तर वर्षाला १,६६,००० कमी पडतात आणि शिल्लक दोन वर्षांत संपते. आणि हात वर्षभर बंद राहिला तर बारा महिन्यांनी हातात काही नाही. तेव्हा नोकरी सोडण्याआधी निस्तरायच्या गोष्टी दोन : त्या गायकांवरचा भार आणि मनगट.

गुरुजींच्या वाक्याबद्दल मी जरा जपून लिहिते, कारण त्यांचं एक म्हणणं पूर्ण खरं आहे. रोज सलग तास न मिळता तबला वाढत नाही, टिकतोसुद्धा कसाबसा. पण ‘खरा कलाकार नोकरी करत नाही’ असं त्यांच्या बोलण्यातून तुम्ही जे ऐकताय, ते इतिहासाला धरून नाही. थोर तबलावादक अहमदजान थिरकवाँसाहेबांचंच घ्या. बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत त्यांनी वर्षानुवर्षं तबला वाजवला, पुढे रामपूरच्या नवाबांच्या दरबारी राहिले आणि नंतर लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात शिकवलं. तिन्ही ठिकाणी पोटाची सोय दुसऱ्याने केलेली होती. बोलपट आले आणि नाटक मंडळ्यांचे दिवस फिरले. रामपूर संस्थान १९४९ मध्ये विलीन झालं. आश्रय देणारे बदलत गेले, खाँसाहेबांचा हात तोच राहिला. तबलावादक अल्लारखाँसाहेब तर मुंबईत आकाशवाणीच्या नोकरीत होते आणि चाळीसच्या दशकात ए. आर. कुरेशी या नावाने त्यांनी हिंदी चित्रपटांना संगीत दिलं. मागच्या पिढ्यांनाही ‘नुसता तबला’ फारसा परवडला नव्हता. फरक इतकाच की दरबार, कंपनी, रेडिओ यांचा पगार तबल्यासाठीच मिळायचा, तुमचा विम्याच्या फायलींसाठी मिळतो. तेव्हा गुरुजींशी ‘नोकरी सोडू का’ असं बोलू नका. ‘रोज तीन तास सलग रियाज कसा बसवू’ असं बोला. त्यांचं उत्तर बदलेल असा माझा अंदाज आहे. नाही बदललं तरी बोलणं कामाच्या गोष्टीवर येईल.

शिकवण्या घेणं म्हणजे हरणं, हे तुमच्या मनात कुणी भरवलं कुणास ठाऊक. पंडित निखिल घोष मोठे तबलावादक होते आणि त्यांनी १९५६ मध्ये मुंबईत संगीत महाभारती काढून पिढ्या घडवल्या. त्यांना कुणी हरलेले म्हणेल का? तुमचं ‘विशारद’सुद्धा कुणाच्या तरी शिकवण्याच्या वेडातूनच आलं आहे. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे मुंबईत मोठी इमारत उभी केली आणि कर्जापायी ती हातची गेली. पण त्यांनी शिकवलेले शिष्य होते. पलुस्करबुवा गेले त्याच वर्षी, १९३१ मध्ये, त्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं, त्याच्या परीक्षा आज देशभर होतात. कर्ज काढून क्लास थाटण्याचा विचार तुम्ही दोन ओळींत लिहिला आहे. त्याला माझं उत्तर एका ओळीत : नका. कर्जाचा हप्ता जूनमध्येही येतो, आणि जूनमध्ये तुमच्याकडे काय असतं ते वर लिहिलंच आहे.

शिकवायचं कुणाला, हे मात्र बदला. शाळकरी मुलं राहू द्या, पण त्यांच्या जोडीला मोठी माणसं घ्या. पुण्यात पन्नाशी-साठीतले असे कितीतरी लोक आहेत ज्यांना लहानपणी तबला शिकायचा होता आणि घरच्यांनी ‘आधी अभ्यास’ म्हटलं होतं. त्यांना ना गुण हवेत ना प्रमाणपत्र. ते फी वेळेवर देतात, दहावीनंतर सोडून जात नाहीत आणि तीनतालाचा कायदा (बोलांची ठरावीक रचना) नीट बसला तर लहान मुलासारखे खूश होतात. अडचण एकच, त्यांची बोटं लवकर वळत नाहीत, तेव्हा धीर तुम्हाला धरावा लागेल. मनगट दुखत असेल त्या दिवशी पढंतीवर भर द्या. बोल तोंडाने नीट म्हणता आल्याशिवाय हातात येत नाहीत हे तुम्हाला मी काय सांगावं.

परदेशातले मराठी पालक हा दुसरा गट. त्यांची फी पुण्याच्या हंगामावर, इथल्या हॉलवर किंवा दहावीच्या नियमावर अवलंबून नाही, म्हणून मला तो तुमच्या कागदावर हवा आहे. पण डोळे उघडे ठेवून उतरा. ऑनलाइन साथ होत नाही. आवाज पोचायला जो क्षणभर उशीर होतो तेवढा लय मोडायला पुरतो. एकाच वेळी दोघांनी वाजवायचं नाही. तुम्ही बोल म्हणायचे, वाजवून दाखवायचं, थांबायचं, मग समोरच्याने वाजवायचं. मूल स्वतःच्या हिमतीवर ठेका धरायला शिकतं, हा त्यातला फायदाच. वेळेचं गणित आधी करा : कॅलिफोर्नियातल्या मुलाचे संध्याकाळचे सहा म्हणजे आपले सकाळचे साडेसहा, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेसात. तुमच्या रियाजाची वेळ हीच आहे. म्हणून असे वर्ग आठवड्यातून दोनच सकाळी, त्याहून जास्त नाही. पाच सकाळी दिल्यात तर ऑफिसने हिरावलेला रियाज तुम्ही स्वतःच्या हाताने विकलात असं होईल.

आता नोकरी. लगेच सोडू नका, त्यामागचं माझं कारण मात्र वडिलांच्या कारणाहून वेगळं आहे. साडेचार वर्षं झाली आहेत. सलग पाच पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी मिळते, दर वर्षामागे साधारण पंधरा दिवसांचं मूळ वेतन. सहा महिन्यांसाठी ती का सोडायची? पीएफचंही तेच. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो, आणि नंतरही तो काढायची घाई नको, असू दे तिथे.

नोकरी सुटते त्या दिवशी कंपनीचा आरोग्य विमाही सुटतो. तुम्ही स्वतः विमा कंपनीत आहात, तरी स्वतःची पॉलिसी नाही असं पत्रावरून दिसतं (डॉक्टरच्या घरी औषध नसावं, तसं). ती नोकरीत असतानाच घ्या. आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा कालावधी असू शकतो, तो आत्ता सुरू झालेला बरा. अर्जात मनगटाचं दुखणं लपवू नका, दावा करायच्या वेळी तेच अंगाशी येतं. सोबत वैयक्तिक अपघात विमा घ्या आणि घेताना विचारा की अपघाताने काही आठवडे काम बंद पडलं तर आठवड्याला भरपाई मिळते का. हाताच्या दहा बोटांवर पोट असलेल्या माणसाला हे कुणी सांगत नाही.

सोडायची झाली तर मार्चअखेरीस सोडा. दिवाळीच्या तोंडावर अजिबात नाही. नोव्हेंबरात सोडलीत तर चार महिने पैसे खेळते राहतील, दर महिना असाच जाणार असं वाटेल, नवा तबला येईल, कदाचित दुचाकीही येईल, आणि एप्रिलपासून फोन वाजणं थांबेल. एप्रिलमध्ये बाहेर पडलेल्या माणसाला आधी कोरडे महिने दिसतात, तेही शिल्लक शाबूत असताना. शिवाय मार्चपर्यंतचा वेळ तुम्हाला दोन गोष्टींसाठी लागणारच आहे. त्या एका गायकांचा वाटा तबल्याच्या एकूण उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शाखाली आणायचा. त्यांचे कार्यक्रम कमी करून नव्हे, बाकीचं वाढवून. आणि कथक व शिकवणी मिळून आज महिन्याला १०,००० येतात, ते निदान १६,००० करायचे, म्हणजे तुमचं भाडं, किराणा आणि विम्याचा हप्ता मंचाकडे न पाहता सुटेल. मार्चमध्ये दोन्ही झालं तर राजीनामा द्या. एकच झालं तर आणखी एक हंगाम थांबा. त्याला माघार म्हणायचं काही कारण नाही, तेवढ्यात जगबुडी होत नाही. त्या वर्षात ऑफिसकडे आठवड्यातून दोन दिवस उशिरा यायची परवानगी लेखी मागा. नाही म्हणाले तर निदान कुठे उभ्या आहात ते कळेल. वडिलांना मात्र हा कागद आत्ताच दाखवा. एसटीत हिशोब पाहिलेला माणूस ‘माझी आवड आहे’ याला बधणार नाही, पण कोणत्या महिन्यात किती येतात आणि कशामुळे थांबतील हे मांडलेलं पान तो दोनदा वाचेल.

एकल वादन. हे मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलं, कारण यात पैशाचं बोलणं सगळ्यांत कमी आहे. स्वतंत्र तबलावादनाचे कार्यक्रम किती होतात ते तुम्ही जाणता, आणि त्यातले मानधनाचे किती हेही. त्यावर भाडं सुटेल अशी अपेक्षा लादलीत तर दोन वर्षांत तुम्ही आयोजकाला आवडेल असं वाजवायला लागाल : पेशकार (सुरुवातीची संथ मांडणी) आखडता, रेले (वेगवान बोलांच्या रचना) लांब, शेवटी टाळ्यांची तिहाई. त्यापेक्षा एकल वादनाकडून पैसे मागूच नका. वर्षातून दोन बैठका करा, कुणाच्या तरी घरी, वीस-पंचवीस जाणकार श्रोते, चांगला लेहरा धरणारा साथीदार; त्याचं मानधन तुम्ही द्या. साथीतून आलेला पैसा इथे खर्च होऊ दे. आणि संस्कृती मंत्रालयाच्या कनिष्ठ फेलोशिपसाठी अर्ज करा : वय २५ ते ४०, महिना १०,००० रुपये, दोन वर्षं. प्रकल्प द्यावा लागतो. गुरुजींकडच्या ज्या जुन्या बंदिशी फक्त त्यांच्या तोंडी आहेत त्या संकलित करून वाजवून ध्वनिमुद्रित करणं, यापेक्षा चांगला प्रकल्प मला सुचत नाही. मिळेलच असं नाही, पण अर्ज लिहिताना आपल्याला नक्की काय वाजवायचंय ते स्पष्ट होतं. आणि गुरुजींना तुम्ही ‘ठरवलंय’ हे वेगळं सांगावं लागणार नाही.

बाई म्हणून येणाऱ्या अडचणींबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, ‘रात्रीच्या प्रवासाचं बोलायला लाज वाटते.’ आबान मिस्त्रींनी तबला हाती घेतला तेव्हा मंचावर तबल्यामागे बाई बसलेली लोकांनी क्वचितच पाहिली होती. अनुराधा पाल यांच्यापर्यंत येता येता ती नवलाई बरीच ओसरली. गाडीचा प्रश्न ओसरलेला नाही. आणि ‘महिला तबलावादक’ म्हणून नवरात्रात आणि ८ मार्चला येणारे फोन जरूर घ्या, पण त्या कागदावर त्यांच्यापुढेही कारण लिहा. वर्षाचे दहा दिवस आहेत ते.

लाज जाईपर्यंत थांबू नका, मेसेज ठरवून ठेवा. कार्यक्रम तोंडी ठरला की त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवायचा : ‘नमस्कार. अमुक तारखेला तमुक ठिकाणी साथीला येत आहे. साउंड चेक किती वाजता, गायकांचा सूर कोणता (त्याप्रमाणे काळी एक किंवा काळी पाचचा तबला आणते), मानधन इतकं, कार्यक्रमाच्या दिवशीच मिळावं. रात्री दहानंतर संपल्यास घरापर्यंत गाडी आयोजकांकडून. कृपया होकार कळवावा.’ सहाच ओळी, विनंतीची भाषा, आणि गाडी ही मानधनासारखीच एक बाब. अनेक आयोजक मानधनातून दहा टक्के कर कापून घेतात. तो कापणार का हेही विचारून ठेवा, विवरणपत्र भरलं की बराचसा किंवा सगळा परत मिळतो. कुणी म्हणेल, ‘एवढं लिहून कशाला, आपण घरचेच.’ घरचे असतील तर होकार द्यायला त्यांना दोन मिनिटंही लागणार नाहीत.

पहिला मेसेज त्या गायकांनाच पाठवा. दिवाळीच्या तारखा ते ऑगस्टमध्ये घेतात असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे अजून वेळ आहे. त्याआधी डॉक्टरांची वेळ घ्या.